लिपुलेख आणि गोडाऊनची चावी

अंजूर

खगेंद्र भावोजी,

तुम्ही दोघं आता कशेळीत भाड्याच्या खोलीत राहता, असं निशाताईकडून कळलं. फोन करायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोय. पाठवेन असं वाटत नाही.

त्या रविवारी आपण जेवत होतो आणि टीव्हीवर तुमच्या नेपाळची बातमी लागली. सीमेवरचा लिपुलेखचा भाग आमचा आहे, असं नेपाळने भारताला पुन्हा कळवलं होतं. बाबा तुम्हाला म्हणाले, "आमचाच खाताव न आमालाच डोले दाखवताव?" आम्ही सगळे हसलो. माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "भांडायची ताकद नाही आमची, बाबा. म्हणून लिहून कळवतो. गप्प बसलो तर गेलंच ना ते."

बाबांचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवसापासून दापोड्याचं गोडाऊन ते तुमच्या हाती देणार होते. "आदी म्हन, ती जागा भारताची हाय. मंग चावी घे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली बघून आमटीत भाकरी कुस्करत राहिलो.

"गोडाऊन तुमचं आहे, नका देऊ," तुम्ही म्हणालात. "पण ती जागा माझ्या एकट्याची नाही. मी कशी देऊन टाकू?" तुम्ही ताटावरून उठलात. ताईही उठली.

चावी मी घेतली, भावोजी. बाबांनी ती देताना मला काहीच म्हणायला लावलं नाही.

तोंड लपवणारा तुमचा मेव्हणा,
प्रितेश