अप्पांचा खडक

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोटीवरच्या सफरीनंतर तुम्ही सगळे सुखरूप घरी पोचल्याचं कळलं. तुझ्या दंतवैद्य यजमानांचं तोंड पिवळं पडलं होतं, ते एव्हाना माणसाच्या रंगावर आलं असेल. त्यांच्या बँकेतल्या मित्राला सांग की त्याचा एक पांढरा बूट बोटीच्या तळात सापडला आहे. दुसरा समुद्राने ठेवून घेतला. किनारा अजून स्पष्ट दिसत होता तेव्हाच हा गृहस्थ कठड्याला मिठी मारून, आपण परत कधी फिरणार, असं विचारायला लागला होता. बायको मात्र खमकी. चार मासे ओढले आणि मधूनमधून नवऱ्याला पाणीही पाजलं. बँकेचा कारभार तिच्याच हाती द्यायला हवा.

आता मनातलं लिहिते, कारण आत ठेवलं तर अन्न गोड लागणार नाही. अप्पांनी तुझं बोट धरून गळाची दोरी त्यावर कशी ठेवायची ते शिकवलं. मासा आधी आमिष नुसतं चाखतो तेव्हा ओढायचं नाही, दोरी जड झाली की मगच. हेच शिकताना माझ्या बोटांवर फटके बसले होते. तुझा मासा वर आला तर त्यांनी टाळ्या वाजवल्या! अठरा वर्षं मी ही बोट चालवते. टाळी राहू दे, नुसतं बरं म्हणाल्याचंही आठवत नाही.

परतताना तुम्ही दोघं बोटीच्या पुढच्या टोकाला बसला होतात. मी आत सुकाणूवर होते, इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आला नाही, पण हात दिसले. एक हात दीपगृहाकडे, दुसरा टेकडीकडे. जुन्या मच्छीमाराचे हात तसे एकाच कामासाठी उठतात, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून पाण्याखालची जागा दाखवायला. त्यांनी तुला त्यांचा खडक सांगितला ना? जिथे ते एकटे जायचे आणि बोट भरून आणायचे, जिथे मला एकदाही नेलं नाही, तो? खरं काय ते कळव. जळायचंच असेल तर नीट माहिती घेऊन जळेन.

अप्पा ठणठणीत आहेत. काळजी नसावी.

लोभ आहेच, सध्या जरा आंबला आहे.
तुझी ताई

*

दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बूट मिळाल्याचं ऐकून बँकवाले इतके खूश झाले, की दुसरा शोधायला पुन्हा जाऊ म्हणतात. बायकोने डोळे वटारल्यावर गप्प बसले. आमच्या घरी दंतवैद्य रोज एका रोग्याला ती सफर रंगवून सांगतात. रोग्याच्या तोंडात अवजारं असल्यामुळे कोणी अडवत नाही. उलट्यांचा भाग वगळतात.

खडकाचं काय घेऊन बसलीस? म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या गप्पा होत्या, मला त्यातलं अर्धं समजलंही नाही. आणि ताई, तू माझ्यावर जळावंस? लहानपणी पहाटे तुम्ही दोघं निघायचात आणि मी खिडकीत रडत बसायचे. समुद्र तुला मिळाला, बोट तुला मिळाली, अप्पाही तुलाच मिळाले. मला काय मिळालं, तर शहरातली शाळा आणि महिन्यातून एक पत्र. एका दिवसाचे अप्पा माझ्या वाट्याला आले तर तुझ्या पोटात दुखलं. माझं तर तीस वर्षं दुखतं आहे.

रागावू नकोस. ममता कमी करू नये, एवढंच मागते.
तुझी धाकटी

*

दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाळेत मुलींना उत्तर टाळलं म्हणून उभं करतेस ना? मग स्वतः उभी राहा.

काल बोटीला गिऱ्हाईक आलं. बर्फाच्या कारखान्याचा मालक. येत्या महिनाअखेर उत्तर हवं म्हणतो, आणि मी बहुतेक हो म्हणणार. तू म्हणशील, ताई तिरीमिरीत बोलते. नाही. वाऱ्यापावसात मी ही बोट परत आणली आहे, इंजिन स्वतः खोललं आहे, दोनदा बुडता बुडता वाचले आहे, आणि एवढं करून ज्या माणसासाठी केलं त्याला मी त्या खडकाच्या लायकीची वाटले नाही. जिला दोरी कुठल्या बोटावर ठेवायची ते माहीत नाही तिला अर्ध्या तासात सांगून टाकलं! अप्पा माझ्याशी दिवसभरात चहापुरतं बोलतात. मग कोणासाठी ओढायची ही बोट?

मला खुणा नकोत आता. फक्त मला का नाही सांगितल्या, हे त्यांनी तुला सांगितलं असेल तर तेवढं लिही. वाईट असलं तरी लिही.

पुढचा लोभ उत्तरावर अवलंबून.
ताई

*

दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोट विकू नकोस. आधी हे वाच.

अप्पांनी माझं बोट हातात घेतलं तेव्हा ते म्हणाले, की थोरले, या बोटांवर मी फार मारलं तुला. मी सांगायला तोंड उघडलं, की अप्पा, मी धाकटी. पण ते माझं बोट कुरवाळत होते. मी तोंड मिटलं.

टाळ्या तुझ्यासाठी होत्या. परतताना म्हणाले, की थोरले, तू धक्क्याला बोट लावतेस तशी मला उभ्या जन्मात लावता आली नाही. तुझ्या मागे उभा राहून बघतो आणि काही बोलत नाही, कारण बोललो तर रडू येईल. खडकाचं कारणही सांगितलं. तिथे लाट अचानक फुटते. तू हट्टी, एकटीच जाशील, म्हणून लपवलं. आता माझ्यापेक्षा तरबेज झालीस, म्हणून सांगतो, असं म्हणाले. खुणा अशा : दीपगृहाच्या बरोबर मागे पाण्याची टाकी यायला हवी, आणि त्याच वेळी बर्फाच्या कारखान्याची चिमणी टेकडीच्या डाव्या कडेला टेकायला हवी.

शेवटी त्यांनी विचारलं, की धाकटी शहरात बरी आहे ना गं? तेवढं एक वाक्य माझं होतं. बाकी सगळं तुझं, आणि मी ते तीन आठवडे चोरून ठेवलं. एकदा तरी तुझ्या जागी बसून पाहायचं होतं.

क्षमा करशील तेव्हा लोभ दे, मी थांबेन.
धाकटी

*

दि. २८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बर्फवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

माझीही एक चोरी आहे. अप्पा ठणठणीत नाहीत. वर्षभर ते मला जाळी शिवणारी बाई समजतात. चहा घेताना विचारतात, की बाई, आमची थोरली आली का समुद्रावरून? मी म्हणते, येईल इतक्यात. तुला कळवलं नाही, कारण तू त्यांना घेऊन जाशील अशी भीती वाटली. ओळखत नसले तरी ते माझ्याकडे हवे होते.

काल खडकावर जाऊन आले. खुणा तंतोतंत जुळल्या. लाट खरंच फुटते तिथे, मी लांबूनच दोरी सोडली. मासे भरपूर मिळाले. पण खोटं कशाला लिहू, मासे ओढतानाही मी तुझ्यावर जळत होते. बोल माझे आणि कान तुझे. तुझं पत्र मला पाठ झालं आहे, तरी त्यात अप्पांचा आवाज येत नाही.

म्हणून सुट्टी लागली की या. दंतवैद्यांना घरून निघतानाच गोळी दे, आणि बँकवाल्यांना अनवाणी आण. तू अप्पांच्या शेजारी बस. थोरले म्हणाले तर ओ दे, मी काही म्हणणार नाही. मी इंजिन बंद करून तुमच्याकडे पाठ करून उभी राहीन. तू त्यांना फक्त एवढंच विचार, की अप्पा, मी बोट कशी चालवते?

वाट पाहणारी,
तुझी ताई