मधल्या थराची सांदणं

बाबा, ओळखलंस का मला? जिवंत होतास तेव्हाही मला हाक मारायला आधी तिघी बहिणींची नावं घ्यायचास. आता काय आठवणार! मी तुझी चौथी. हे मी नातीच्या फोनला सांगतेय. आपण बोलायचं, तो लिहितो म्हणे. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, तेव्हा त्याच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. नातीलाही मराठी वाचता येत नाही, म्हणून तिचाच फोन घेतला.

मी दुबईत आहे, अल मनखूलला, मुलाकडे. इथे फ्रिजमध्ये दह्याच्या मागे एक काचेची बरणी सापडली. वर पिवळट पाणी, मध्ये सायीसारखा थर, तळाला तपकिरी गाळ. मुलगा म्हणाला, "आई, पावाचं यीस्ट आहे ते." या घरात आजवर पाव कुणी भाजलेला नाही. सून म्हणाली, "पोटाला चांगलं असतं, आई." नात मान वर न करता म्हणाली, "आजी, इट्स फॉर सायन्स." एका बरणीला तीन नावं. मी झाकण काढून वास घेतला आणि बरणी परत दह्यामागे ठेवली.

मग पाळत ठेवली. शनिवारी सकाळी, मी टीव्ही बघतेय असं समजून, मुलगा पाणी उकळून गार करतो. वॉशिंग मशीनमागचा, चादरीखालचा डबा काढतो. त्यातली बिअर बाटल्यांत भरतो आणि तळाला उरलेल्या गाळात ते पाणी ओतून हलवतो, थांबतो. जड गाळ खाली बसला की वरचं दुधट पाणी हलक्या हाताने बरणीत घेतो. पुढच्या खेपेचं विरजण तेच.

तुझंच काम की रे, बाबा! फक्त तू पाणी उकळत नव्हतास. दहा वर्षांची असताना मी तुझी माडीची मडकी राखेने घासून लख्ख केली, तर तू ओरडलास, "तळातला जीवच धुऊन टाकलास की गो!" दुसऱ्या दिवशीची माडी दुपारपर्यंत नुसती गोडमिट्ट, गिऱ्हाइकं हसून परत गेली. मग शेजारच्या मडक्यातला तळाचा साका मागून आणून तू माझ्या ओंजळीत ओतलास. "बघ, हा धुवायचा नसतो."

पण तुझा धंदा गावाला ठाऊक होता. इथे घरात असं काही करायला बंदी. कळलं तर नोकरी, व्हिसा, नातीची ऊद मेथाची शाळा, सगळं खलास. आणि परवा लिफ्टमध्ये शेजारीण नाक वर करून म्हणाली, "आंटी, आपके घर से ब्रेड जैसी स्मेल आती है. रोज बनाते हो?"

"इडली का घोल है," मी म्हटलं. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

मंगळवारी घर रिकामं झाल्यावर मी तांदूळ वाटले, खोबरं घातलं आणि पाणी नि गाळ सोडून बरणीतला मधला थर त्यात ओतला. पीठ असं फुगलं की झाकण उचललं. सांदणं वाफवली. किंचित कडवट लागली, पण किंचितच. गाळातला बिअरचा कडूपणा धुण्याचं काम पोराने नीट केलं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने पाच खाल्ली. मग फ्रिज उघडून, "आई, इथली बरणी?"

"ती होय? नासलं होतं काहीतरी. घासून ठेवली."

तो हळहळला. पण संशय? जरासुद्धा नाही. अडाणी आईने बरणी घासली, इतकंच.

तेच मला लागलं. त्याला कसं ठाऊक असणार म्हणा! सासरी मी तुला नारळाचा व्यापारी करून टाकलं होतं, मुलालाही तेच सांगितलं. तू भेटायला यायचास तेव्हा दारातूनच मी तुला आंघोळीला पाठवायचे ना, ते प्रवासाच्या धुळीसाठी नव्हतं, बाबा. माडीच्या वासासाठी होतं.

शनिवारी तो डबा पुन्हा निघेल. तेव्हा शेजारणीचं सांगेन आणि तुझंही. माडीवाल्याच्या मुलीने बंद कर म्हटलं तर कदाचित ऐकेल.

हे तुला पोचायचं नाही, ठाऊक आहे. तरी वरून कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्या हाती सुक्या कोळंबीचे सोडे पाठव. मोठे, चांगली उन्हं खाल्लेले. आणि बांधायच्या आधी एकदा वास घेऊन बघ, तुझ्यावरही माझा तेवढा भरवसा नाही.