नुसरतचा फ्लेक्स

प्रिय दीपू माय,

दर फोनला तू विचारतेस, आप्पा, फ्लेक्स निघाला का, आणि दर वेळी मी प्रिंटिंगवाल्याच्या नावानं खडे फोडतो. शाई संपली, कारागीर गावाकडं गेला. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाय, मी त्याला अजून काम दिलेलंच नाही. हे पत्र हवालदार बद्रीनाथच्या हाती देतोय, तुमच्याच पलटणीतला बिडकीनचा. सुट्टी संपवून तो रेल्वेनं निघणार होता. मी त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं. तुझी आई म्हणते, ह्यांच्या पत्राला आता विमान लागायला लागलंय! म्हणू दे. तुझा फोन सदा तुमच्या दवा-शिलाईच्या केंद्रातल्या टेबलावर, स्पीकर चालू, भोवती बायका. हे त्यावर बोलायचं नव्हतं. पाकीट खोलीत जाऊन, दार लावून वाच.

घरी सगळं ठीक. लग्नसराई जोरात, हर्सूलचं गोडाऊन रिकामं आहे, माझा घसा बसलाय. फ्लेक्सचं म्हणशील तर तो आपल्या मातीतच आहे. पोरगं दहावी होऊ दे, सोसायटीच्या निवडणुकीत पडू दे, चौकात फ्लेक्स. तू फौजेत डॉक्टर, कॅप्टन झालीस तेव्हा फुलंब्रीच्या फाट्यावर मी तुला दुमजली उंच लावलं होतं, खाली शुभेच्छुकांची मुंडकी, त्यात तुझ्याशी आयुष्यात न बोललेला मामासुद्धा. आपला हिशोब साधा: ज्याच्यावर जीव, त्याला होईल तेवढं मोठं करून रस्त्यावर टांगायचं. म्हणून तू म्हणालीस की आप्पा, महिनाअखेर नव्या केंद्राचं उद्घाटन आहे, जनरलसाहेब नुसरतच्या हातात किल्ली देणार, तिचा मोठा फोटो मधोमध पाहिजे, अख्ख्या खोऱ्याला दिसला पाहिजे, तेव्हा मलाही आनंदच झाला. लेक माझीच आहे, असं वाटलं.

वसंतात मी अन् तुझी आई काश्मीरला तुझ्याकडं आलो तेव्हाची नुसरत डोळ्यांपुढून हलत नाही. तू नाडी बघणार, ती शेजारी उभी राहून बायकांचं दुखणं तुला उर्दूत सांगणार, आणि अर्ध्या बायकांना तुझ्या आधी तीच बरं करणार, नुसत्या बोलण्यानं. माझी उर्दू ऐकून पोट धरून हसली होती. "चाचा, ये कौन से मुल्क की उर्दू है?" मी म्हणालो, "शहागंज की, बेटा. पुरखों के वक़्त से चलती है." तिच्या आईला दम लागायचा, तुझ्या जवानांनी रात्रीतून बर्फातनं खाटेवर उचलून आणलेलं, हे तिनंच मला सांगितलं. तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही, दीपू. औषध खरं आहे, शिलाई मशिनी खऱ्या आहेत, ती वाचलेली माणसं खरी आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू रागात वाचणार नाहीस.

आम्ही तिथं असताना तुमचं औषधाचं शिबिर झालं, त्या दिवशी तू व्यासपीठावर होतीस आणि मी खुर्च्या बघत होतो. मंडपवाल्याची खोड. आपल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर 'सांडू मंडप' रंगवलेलं असतं, कारण बिननावाची खुर्ची परक्याच्या लग्नात गेली की तिथंच नांदते. तुमच्यासाठी आणलेल्या खुर्च्या गावातल्याच तंबूवाल्याच्या होत्या, आणि एकूणएक खुर्चीच्या पाठीवर निळा पट्टा मारलेला होता. ताजा. मी बोट लावलं तर बोटाला रंग आला. कनातीच्या कोपऱ्यातला नावाचा तुकडाही उसवून काढलेला. इतक्या वर्षांत चोरानं खुर्चीवरचं नाव पुसलेलं मी पाहिलंय, पण मालकानं स्वतःच पुसलेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तुला म्हणालो की पाय मोकळे करून येतो. गेलो तो त्या तंबूवाल्याकडं, मोहिउद्दीनभाईंकडं. माझ्याच वयाचा माणूस, माझ्यासारखाच खांद्यावर मंडपाच्या बल्ल्या वाहून वर आलेला. नावाचं विचारलं तर हसण्यावारी न्यायला लागला. मी म्हणालो, "भाई, हम भी इसी धंदे के हैं, हमकू मत बनाओ." तेव्हा त्यानं चहा सांगितला आणि शटर अर्धं खाली ओढलं. म्हणाला, फ़ौजी साहब लोग अच्छे हैं, मेरी पोती उन्हीं की दवा से उठी. मगर साहब लोग दो-तीन साल में बदल जाते हैं, हम यहीं रहते हैं. मी विचारलं, कोई पूछता है क्या, कुर्सी क्यों दी? तर म्हणाला, "पूछता कोई नहीं. देखते सब हैं."  उठताना एवढंच बोलला, "कुर्सी का नाम तो मैंने मिटा दिया, भाईसाहब. उस बच्ची का नाम मैडम हर जलसे में माइक पर पुकारती हैं."

परत आल्यावर मी तुला सांगायला गेलो, तर तू हसलीस. आप्पा, तुम्हाला कुठल्याही मंडपात राडाच दिसतो. खरंय, तीस वर्षं सभा लावल्यात, माझे कान तसे झालेत. पण त्यानंतरचं तूच फोनवर सांगत गेलीस, मी नुसतं ऐकत होतो. आषाढात म्हणालीस, नुसरतची सोयरीक मोडली, बरं झालं, मागासलेलेच होते ते लोक. मग म्हणालीस, तिचा भाऊ अचानक जम्मूला कामाला गेला, न सांगता. मग शिलाईला बायका कमी यायला लागल्या, तू म्हणालीस अक्रोडाचा हंगाम आहे. परवा तू सहज म्हणालीस, नुसरतला हल्ली रोटीवाला रांगेत शेवटी ठेवतो, मी त्याला दम देणारंय. माय, तू एकेक गोष्ट वेगळी सांगतेस. मला इथं बसून ती एकच ऐकू येते, गावानं तिला फौजेची ठरवल्याची.

आता खरं सांगतो. गेल्या आठवड्यात भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं नळ सोडलेला होता, मुद्दाम, बोलणं भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून. नुसरत होती. म्हणाली, "चाचा, वो बड़ा वाला फ़ोटो मत बनाना." मी विचारलं, मैडम को बोली? तर म्हणाली, उन्होंने अम्मी की जान बचाई है, उनको ना कैसे बोलूँ? आप ही कुछ करो, मेरा नाम मत लेना. मी शब्द दिला, आणि तो इथं मोडतोय, कारण नुसत्या बापाचं तू ऐकणार नाहीस. तर ऐक. फ्लेक्स येणार नाही. किल्ली दुसऱ्या कुणाला दे, जो तुमच्याबरोबर बदलीवर निघून जाईल त्याला. माइकवर तिचं नाव घेऊ नको. आणि हे वाचून गाडी घेऊन तिच्या दारात तर मुळीच जाऊ नको. कमांडरसाहेबांना एकट्यात सांग, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त मार्ग माहीत असतील. एवढं मी आठवडाभर घोळवत होतो, लिहीत नव्हतो. काल राहवेना, म्हणून त्याच नंबरवर फोन लावला. पलीकडून उचलला. मी घाईनं म्हणालो, "नुसरत बेटा, फिकर मत कर, मैंने नहीं छापा."  नळ नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो बाईचा नव्हता. लवकर काहीतरी कर, दीपू.

तुझाच,
आप्पा