सातातली चार वर्षं

न्यूनेन, नेदरलंड्स, १४ एप्रिल २०२०

प्रिय विश्वास,

तुला आणि चित्रावहिनींना नमस्कार. गुडघा काय म्हणतो? इथे राघव आणि सूनबाई घरूनच ऑफिस करतात, मी वरच्या खोलीत पडून असतो.

सकाळपासून पुण्याच्या होस्टेलातली बादली कानात वाजतेय. ती पालथी घालून दाऊदी भुजंगप्रयात बडवायचा, आठवतं? आफ्रिकेतून आलेला पोरगा, मराठी निम्मंच कळायचं, पण लघु-गुरु कधी चुकला नाही. तेव्हा वाटायचं, वृत्त सांभाळलं की जग सांभाळता येतं.

दाऊदी शनिवारी गेला. फोरबर्गच्या वृद्धाश्रमात, करोनाने.

इथल्या पेपरात चार ओळी आल्या. आफ्रिकेत गोदी कामगारांचा पुढारी, तिसाव्या वर्षी शिक्षणमंत्री, लष्कराने सत्ता घेतल्यावर सात वर्षं तुरुंग, मग हद्दपारी.

मुळात सात नव्हती रे. शिक्षा तीनच वर्षांची होती.

पंचाहत्तर साली मी त्याला तुरुंगात पत्र धाडलं. त्याचं मन रमावं म्हणून माझीच एक कविता, आणि वर्गात फळ्यावर करायचो तशी प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लघु-गुरूची खूण. तिथल्या अधिकाऱ्यांना ती सांकेतिक लिपी वाटली, कटाची. त्याच्या वकिलाने मला लिहिलं, ‘ही नुसती कविता आहे, एवढंच शपथेवर लिहून द्या.’ आणीबाणी चालू होती. माझी सरकारी शाळा, राघव आईच्या पोटात. मी ते पत्र बंबात घातलं. दाऊदीला चार वर्षं वाढली.

हे तुलाही कधी बोललो नाही. टपाल बंद आहे, राघव याचा फोटो काढून तुला पाठवील, म्हणजे तोही वाचेल. वाचू दे.

गेल्या महिन्यात भेटी बंद झाल्या तेव्हा दाऊदीला फोन केला. म्हणाला, “शाम्या, मंत्री होतो तेव्हा लोक दाराबाहेर ताटकळायचे. आता मी दाराआत!” मग म्हणाला, “तुझी कविता तीन कर्नलांनी आठवडाभर वाचली. एवढे वाचक तुला जन्मात मिळाले नसते.”

मी हसलो.

“वकिलाचं पत्र तुला पोचलंच नसेल ना? मी घरी सगळ्यांना तेच सांगत आलो.”

“नाही पोचलं,” मी म्हणालो.

“वाटलंच होतं,” म्हणाला, आणि बराच वेळ खोकत राहिला.

नंतर तीनदा नंबर फिरवला. तीनदा वाजायच्या आत ठेवला.

थांब, बेल वाजली.

विश्वास, दाऊदीची मुलगी आलीय. टिलबर्गहून, न कळवता. आत येत नाही, मास्क लावून फाटकापाशीच उभी आहे. सूनबाई निरोप घेऊन वर आली, “बाबा, गुरुवारी अंत्यविधीला तीसच माणसं चालतात. बोलणार एकच जण, आणि ते तुम्ही, असं म्हणतेय ती. तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र ना?”

हो म्हणण्याआधी तिला ती चार वर्षं कोणामुळे, ते सांगायला हवं. खाली उतरतोय. जिन्यात पाय अडला नाही म्हणजे मिळवलं.

एका ओळीचं उत्तर न दिलेला,
तुझा
श्यामकांत