खाकी लिफाफ्यातला स्नो

सातारा,
ता. ११ मार्च १९४६

सुभेदारसाहेब नाथाजीराव यांस बिराप्पाचा रामराम.

इकडे मी खुशाल आहे. माझ्या कारभारणीची, धोंडुबाईची, मान चार दिवस अवघडली आहे, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तिकडे आई, वहिनी, पोरं बरी असतील. तुझं गुऱ्हाळ आता उठत आलं असेल. यंदा तुझ्या ढेपा पिवळ्याधमक निघाल्या असं सांगलीच्या पेठेतून माझ्या कानावर आलं. माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. साहेब तंबूत कुजबुजला तर मला लंगरखान्यात ऐकू यायचं!

गड्या, हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तुझं उत्तर नाही. पलटणीत कुणी असं केलं असतं तर तू त्याला पाठीवर बोचकं देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्यास.

कामाचं लिहितो. १४ एप्रिलला, रविवारी, मंडळाची सभा आहे. आपलं कृष्णाकाठ माजी सैनिक मंडळ आपण दोघांनी काढलं तेव्हा तुझ्या ओट्यावर सात माणसं होती. आज नऊशे मेंबर आहेत. कुणाचे दाखले अडले, कुणाला मोटारीवर नोकरी हवी, सगळे इथे येतात. पण आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नाही, स्टॅंडवर झोपतात. मुंबईची कंपनी माल देते आहे, त्याच्या कमिशनवर दोन वर्षांत मंडळाची स्वतःची इमारत उभी राहील. माल म्हणजे तोंडाला लावायचा शारदी स्नो, वासाचं तेल, दाढीचं यंत्र, कपबश्या. कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. म्हणाला, "हवालदार, आमच्याकडे माल आहे, तुमच्याकडे पत्ते आहेत."

तू म्हणशील, शिपायांच्या मंडळाला स्नो कशाला? अरे, आपला गडी लढाईवरून नुसती पगाराची सवय घेऊन आलेला नाही. त्याला रोज दाढी लागते, चहा लागतो, आणि बायकोला काहीतरी वासाचं न्यावंसं वाटतं, पण दुकानात जाऊन मागायची लाज वाटते. मंडळाच्या नावानं घरी आलं की लाज मोडते. हे मला कुणी शिकवलं, आठवतं? त्रेचाळीसच्या भाऊबीजेला तुझ्या घरी बनुबाईनं तुझ्यामागून मला ओवाळलं आणि मी तिला कॅंटीनचा साबण ओवाळणीत घातला. तिनं हुंगला आणि म्हणाली, "दादा, ह्यो अंगाला लावायचा का देवाला व्हायचा?" सगळे हसले. मग तिनं तो ट्रंकेत ठेवला. म्हणाली, "ह्ये येतील तवा..."

असो. ते पुन्हा कधी.

कंपनीला करारावर अध्यक्षाची सही हवी. तुझ्या नावाखाली मी शेणी विकल्या तरी मेंबर डोळे मिटून घेतील. माझ्या नावाखाली आधी वास घेऊन बघतील. मेंढरामागं फिरणाऱ्याचा पोरगा मी, मला त्याचा राग नाही. पण तू आला नाहीस तर मंडळ मोडतं, हे लक्षात ठेव.

बनुबाईला सांग, की. नको. मी भेटीतच बोलेन.

तुझा,
बिराप्पा
(चिटणीस, हे तुला सांगायला नको)


सातारा,
ता. २० मार्च १९४६

प्रिय नाथाजी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "माझे नाव कागदावरून काढ. बनूचे हात अजून मोकळे आहेत, गावचा कासार चुडा भरत नाही." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तुझंच, बंदुकीच्या दट्ट्यासारखं सरळ.

आज गुऱ्हाळाचं विचारत नाही. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.

लोणंदला स्टेशनवर मालाची पेटी सोडवायला गेलो होतो. शेजारच्या बाकड्यावर दोघं तंबाखू मळत होते.

"ताकारीकडं एका गावात काय झालं ठाव हाय का? मलमाचा कागद आला न् बायांनी गळा काढला की रं!"

"कशाला? मलम झोंबला व्हय?"

"आरं, घरचा गडी सिंगापुराला हरवलेला. ह्यास्नी वाटलं, त्येचाच कागद. बांगड्या फोडल्या बाईच्या! मास्तर आला न् वाचतोय तर काय, तोंड गोरं करायचा मलम!"

नाथाजी, मीही हसलो. खोटं कशाला लिहू? पोट धरून हसलो. मग त्यानं गावाचं नाव घेतलं. पेटी तिथेच ठेवून मी गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी हमालानं ती पोचवली.

मलमाची जाहिरात ज्यातून गेली तो लिफाफा कंपनीच्या माणसाला सुचला नव्हता. पहिल्यांदा आम्ही गुलाबी कागद वाटले होते, वर बाईचं चित्र. लोकांनी त्यांत तंबाखू बांधली. तेव्हा मला आठवलं. पाय मोडल्यावर तीन वर्षं मी पलटणीच्या दफ्तरात होतो. मेले, जखमी झाले, हरवले, त्यांच्या घरचे लिफाफे मी माझ्या हातानं लिहीत होतो. खाकी कागद, कोपऱ्यात गोल शिक्का, वर लाल शाईत 'तातडीचे'. तो लिफाफा कुठल्याही घरात न फोडता राहत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तसाच छापून घेतला. सुचलं त्या संध्याकाळी मी स्वतःवर इतका खूश होतो की पेठेत उभा राहून दोन पुड्या भजी खाल्ली.

आणि बनुबाईच्या कृष्णातचं नाव यादीत होतं. तूच घातलं होतंस, तुझ्याच पत्त्यावर. त्याची वर्गणी भरताना म्हणाला होतास, "मेव्हणा येईल तवा मेंबर असाया पायजे." ते नाव लिफाफ्यावर मी लिहिलं. माझ्या हातानं, नाथाजी. लिहिताना एकदाही थांबलो नाही. हातालाच सवय झालेली.

तू त्या दिवशी सांगलीला गुळाच्या सौद्याला गेला होतास. आईनं लाल अक्षरं पाहिली, हंबरडा फोडला, बाया गोळा झाल्या. पुढचं मी तुला सांगायला नको.

नाव काढायचं तर काढतो. पण त्याआधी येतो. सोमवारी केरबा कासाराला घेऊन ताकारीला उतरतो. फुटलेला चुडा पुन्हा कसा भरायचा म्हणून तुमच्या गावचा कासार भितो. बरोबर आहे त्याचं, त्याला गावात राहायचं आहे. पण भावानं दिलेला चुडा कुणी अडवायचा? तिनं मला ओवाळलं आहे. पाडवा पंधरवड्यावर आला, मोकळ्या हातानं तिनं गुढी बघू नये.

तू दारात काठी घेऊन उभा राहिलास तर काठी खाईन. पण आत येईन.

बिराप्पा


सातारा,
ता. ७ मे १९४६

प्रिय नाथाजी,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या गावचा भाऊसो मास्तर तिकडे येतोय, तो तुला मळ्यात गाठून हातात देईल. वाच आणि खिशात ठेव. घरी नेऊ नकोस.

त्या सोमवारी तू मळ्यातून आला नाहीस. मी राग धरला नाही. पण तुझ्या घरात काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. केरबा ओट्यावर बांगड्यांची माळ घेऊन बसला आणि म्हणाला, "वडीलधाऱ्यानं 'भर' म्हटल्याबगर मी हात धरत न्हाई." मी माझं पाठ केलेलं भाषण काढणार, तेवढ्यात बनुबाई पुढे येऊन बसली.

"दादा, चुडा तू देतूयास, भरते. पर एक सांग. तुझ्याकडं नऊशे घरं हायती. त्यातली किती सिंगापुराला व्हती?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

"मलम कुणाला पायजे ते समद्यास्नी इचारलंस. ह्यास्नी कुणी बगितलं, ते का न्हाई इचारलंस?"

नाथाजी, आयुष्यात मी गोऱ्या साहेबाला बोलून गप्प केलं आहे, कंपनीच्या माणसाला निम्म्या भावात आणलं आहे. तिथे मी केरबाच्या माळेतल्या बांगड्या मोजत बसलो. नऊशे पत्ते माझ्या पेटीत, आणि हे मला सुचू नये?

मग तिनंच हात पुढे केला. "भरा, केरबामामा. खरी खबर आली तर म्या माझ्या हातानं उतरवीन. कुणाच्या बोंबलण्यानं न्हाई." केरबानं आईकडे पाहिलं. आई उठली, करंडा आणला, आणि कुंकू लावून म्हणाली, "भर बाबा, भर." डझनभर हिरव्या बांगड्या, एकही तडकली नाही. उठताना बनुबाईनं मला विचारलं, "आन् ह्यो मलम चांगला तरी हाय का रं?" तेव्हा कुठे आई हसली.

तिथून आलो तो कार्डं लिहायला बसलो. लिफाफा नाही, साधं कार्ड, पोस्टमननंच दारात वाचून दाखवावं, कुणी भिऊ नये. 'सिंगापूर पडल्यावर कृष्णातला कुणी पाहिले असल्यास मंडळास कळवावे.' नऊशे कार्डं. धोंडुबाई शाई करून देता देता म्हणाली, "इतकी पत्रं मला लिहिली असती तर मी कवाच शहाणी झाले असते."

सभाही झाली. तुझी खुर्ची मोकळी ठेवली होती. कंपनीचा माणूस करार घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. मी उठून सांगितलं की लिफाफा मी काढला, चूक माझी, आणि मंडळाच्या शिक्क्यानं यापुढे कुठलाही माल जाणार नाही. आप्पासो ओरडला, "आवं, पर बायकूनं डबी मागितलीया!" म्हटलं, पेठेत जा आणि आण, लाजतोस कशाला, लढाईला लाजला नाहीस! इमारत राहिली. चार वर्षं उशिरा होईल, पण होईल. मी आहे तोवर ती होणार, हे लिहून ठेव.

आता ते लिहितो ज्यासाठी भाऊसोला पाठवतो आहे.

ऐंशी-पंचाऐंशी उत्तरं आली. बहुतेक 'नाही' म्हणणारी. कितींनी उलट आपल्याच हरवलेल्या माणसाचं विचारलं, त्याची मी वेगळी यादी केली आहे. आणि परवा एक माणूस स्वतःच आला. शिरवळजवळचा अर्जुना. लिहिता येत नाही म्हणून चालत आला. गुडघ्याखाली पाय काठीसारखे.

नाथाजी, कृष्णात गेला.

जपान्यांनी त्यांना जहाजात घालून लांबच्या एका बेटावर नेलं होतं. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तापानं गेला. अर्जुना शेवटपर्यंत जवळ होता, माती त्यानंच दिली. मी त्याला उलटसुलट विचारून पाहिलं, दफ्तरात विचारायचो तसं. उजव्या भुवईवरचा व्रण त्यानं आपणहून सांगितला. बैलांची नावंही सांगितली. शंकेला जागा नाही.

मरायच्या आधी कृष्णातनं बायकोला काही सांगायला सांगितलं आहे. मी विचारलं, काय? अर्जुना म्हणाला, "त्ये तुमच्यासाठी न्हाई, हवालदार." मी पुन्हा विचारलं नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो. तोवर तू घरात तोंडावर काही दिसू देऊ नकोस. चार दिवस सुभेदारासारखा राहा, पुढे भावासारखा रड. बनुबाईला हे कागदावरून कळायचं नाही, बायांच्या गळा काढण्यावरून तर नाहीच. ज्यानं माती दिली तो तिच्यासमोर बसून सांगेल, आणि बांगड्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आईला तेवढं तू सांभाळ.

अर्जुना आत बोलेल तेव्हा मी तुझ्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसेन. तिथवर घरातलं काही ऐकू येत नाही, माझ्या कानांनासुद्धा. तुला वाटलं तर शेजारी येऊन बस. नाही वाटलं तरी मी तिथेच असेन, ती हाक मारीपर्यंत.

तिचा ओवाळलेला भाऊ, आणि तू म्हणशील तर तुझा,
बिराप्पा