तातेरावांची शेवटची वही

१० नोव्हेंबर, सकाळी ७.१०
ठरलं. भयकथाकार तातेरावांची बायोग्राफी मीच लिहिणार. साठ वर्षांपूर्वी, जुन्या जालन्यात बसून, काय रक्त सांडलंय! पान तीनवर मुंडकं, पान पाचवर आतडी. मरणारे सगळे शेजारी, खऱ्या नावानिशी. कापडवाल्या अप्पारावला तर विळ्यानं सोललाय. मंग खऱ्या अप्पारावनं ह्यांचे दोन दात पाडले, पुस्तकं चौकात जाळली.
माझी थिअरी: एवढं बराबर लिहिणाऱ्यानं कुणाला तरी खरंच कापलंय.

११ नोव्हेंबर
किलर सायकॉलॉजीचे नऊ व्हिडिओ बघायला घेतले. दुसऱ्यालाच नेट स्लो झालं, बंद केलं. जेवण गेलं न्हाई. ॲसिडिटी.

१४ नोव्हेंबर
त्यांची बायको गोजरबाई जिवंत आहे! घनसावंगीजवळ, शेतात. न छापलेली शेवटची वही तिच्या पेटीत! फोनवर डायरेक्ट विचारलं, आजी, तातेरावांनी खून किती केले? लई वेळ खोकली. प्रांजली म्हणते, हसत होती. धाकट्या बहिणीला काय कळतंय रिसर्चमधलं.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
स्कूटी प्रांजलीनं चालवली. मी विचार करून राह्यल्तो.
आजी ऐंशीच्या पुढची. एका हातात सुरी, दुसऱ्यात कोंबडा. म्हणे, खून कसले रं बाबा, नवसाच्या कंदुरीत बोकड कापला की हे आडवे व्हायचे. कापायचे मी. किती उडतं, किती तडफडतं, मी सांगायचे. हे भिंतीकडं तोंड करून लिहायचे. वही पाहिजे ना? मंग धर ह्या कोंबड्याचे पाय. डोळे मिटायचे न्हाई.
म्हातारी बिलकुल खोटं बोलून राह्यली. पाय तर आरामात धरतो.

त्याच दिवशी, दुपारी २.४०
ऊन फार होतं. डोकं पाट्यावर आपटलं. चार टाके. शर्टवर रक्त, बरंचसं माझंच. बिनमुंडक्याचा कोंबडा माझ्या छातीवर नाचला म्हणे. प्रांजलीनं त्याला धरला, सोलला, रस्सा दोनदा घेतला. वही तिलाच मिळाली.
माझ्या तोंडावर पाणी मारताना आजी म्हणाली, ह्यो बी तसलाच निघाला.
खुद्द तातेरावांशी तुलना! नोंद करून ठेवली.

१९ नोव्हेंबर
प्रांजली आता आजीची बायोग्राफी लिहिणार. टायपिंग मला दिलंय. ती वही वाचते, मी टाइप करतो. पान दोन झालं. मुंडकं आता येईल म्हणाली.
खुर्ची भिंतीकडं वळवून घेतलीय. खिडकीतून उजेड फार येतो.