गालावरची लव

प्रिय अण्णा,

फोनवर तुम्ही "जेवलीस का" विचारता, मी "हो" म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून लिहितेय. ऐकून हसाल, पण मी स्वतःच्या तोंडावर पातं चालवलं!

दचकू नका. आमच्या विमा कार्यालयात सध्या याचीच चर्चा आहे. डर्माप्लेनिंग म्हणतात. छोट्या पात्यानं गालावरची बारीक लव आणि मेलेली कातडी अलगद काढायची, म्हणजे चेहरा मऊ होतो. शेजारच्या खिडकीतली कॅशियर पार्लरमध्ये जाऊन करून येते आणि मग दिवसभर आरशात बघत बसते. मला वाटलं, त्यात काय, घरीच करू. व्हिडिओ बघितला, पातं मागवलं आणि एका रविवारी सकाळी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले.

पहिल्याच फटक्यात हनुवटीला कापलं. तिळाएवढंच, पण रक्त बघून माझं अवसान गळालं. हे बाहेरून ओरडले, "काय गं, झालं काय?" मी म्हटलं, "काही नाही, हौस फिटतेय." कापसाचा बोळा दाबून धरला आणि पातं टाकूनच देणार होते. तेवढ्यात मला तुमचा डावा अंगठा आठवला.

शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी तुमच्या दुकानातल्या बाकावर गृहपाठ करत बसायचे. वहीत कमी आणि तुमच्या हातांकडेच जास्त लक्ष. अंगठ्यानं गाल कानाकडे ताणायचा, वस्तरा आडवा झोपवायचा आणि हात असा हलका सोडायचा की त्याला वजनच नाही. तो बेकरीवाला आठवतो? गालभर मुरमांचे खड्डे, दुसऱ्या कुणाकडे दाढीला बसायची त्याची छाती व्हायची नाही. त्याला तुम्ही सांगायचात, "दाबलं की कापतं. कातडी ताणून धरायची, पुढचं पातं बघून घेतं." त्या गालावर रक्ताचा थेंब आलेला मी कधी पाहिला नाही.

हनुवटी बरी होऊ दिली. पुढच्या रविवारी नवीन पातं घेतलं, तोंड धुऊन कोरडं केलं आणि अंगठ्यानं गाल ताणला. पातं तिरकं धरून बोटभर-बोटभर खाली उतरवत गेले. अण्णा, पात्यावर पिठासारखी पांढरी लव जमत गेली आणि एक ओरखडासुद्धा उठला नाही! दोन्ही गाल, कपाळ, सगळं झालं. हात फिरवून बघितला तर लहान बाळाच्या तळव्यासारखं लागलं. मी एकटीच आरशासमोर फुशारून उभी.

सोमवारी कॅशियरनं हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं. "कुठल्या पार्लरमध्ये गेलीस?" घरीच केलं म्हटलं तर तिला पटेना. "थापा मारू नकोस. इतका साफ हात तुला कुणी शिकवला?"

अकरा वर्षं मी तिथे "वडिलांचं दुकान आहे" एवढंच सांगत आले. कसलं, हे कुणी विचारायच्या आत विषय बदलायचा. लग्नाच्या दिवशी आमच्या साहेबांना तुमची ओळख करून देतानाही मी "हे दुकानदार" म्हटलं. तुम्ही शेजारीच होतात. नुसते हसलात आणि दोन्ही हात खिशात घातलेत. ते खिशात गेलेले हात मला अजून दिसतात, अण्णा. मला माफ करा.

सोमवारी मी म्हटलं, "माझे वडील दाढी-कटिंग करतात. चाळीस वर्षं करताहेत. हा हात त्यांचाच." चांगलं मोठ्यानं म्हटलं. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं. आणि माझी मान अशी ताठ झाली की काय सांगू! कॅशियर म्हणाली, "तरीच! पुढच्या वेळी माझंही तूच करायचं."

सासरीही मी नुसतं "दुकान"च सांगितलं होतं, म्हणून घरी येऊन सासूबाईंना सगळं कबूल केलं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, लग्नाआधी चौकशी केल्याशिवाय राहिलो होतो का आम्ही? तू कधी बोलतेस, याचीच वाट बघत होते."

काल आईकडून कळलं, गुडघे उभं राहू देत नाहीत म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही दुकान कायमचं बंद करताय. आणि वर "तिला कळवू नकोस, उगाच अवघडेल" असंही म्हणालात. म्हणून हे पत्र. शनिवारी हे, सासूबाई आणि मी, आम्ही तिघंही येतोय, आणि कॅशियर हट्टानं बरोबर येणार आहे. शेवटचं गिऱ्हाईक मी. तो नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. लव मी आधीच काढून बसलेय, तेव्हा केस कापा, तुम्हाला वाटतील तसे. फक्त दुकानाचं दार सताड उघडं ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, कुणाची लेक कुणाच्या खुर्चीत बसलीय ते.

तुमचीच,
ठकू